दोन ओळींच्या मधला श्वास

लंडनला तीन आठवडे राहून आले आणि राणीचा राजवाडा पाहिला नाही, यावर मिरजेत कुणाचा विश्वास बसत नाही. शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या, "मग एवढं तिकीट काढून गेला होतात तरी कशाला?" मी म्हटलं, खोकला ऐकायला. त्या हसल्या, पण मी अगदी खरं तेच सांगितलं होतं.

मी आयुष्यभर छातीची फिजिओथेरपी केली. निवृत्तीच्या दिवशी पेढे वाटताना जाहीर केलं होतं की आता दुसऱ्याचा खोकला ऐकायचा नाही. त्यानंतर जन्मातला पहिला परदेश प्रवास केला, तोही खोकल्यासाठीच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती उगाच नाही.

बोलावणं प्राजक्ताचं. ती नागपूरची. मिरजेला माझ्या हाताखाली शिकली, वर्गातली सगळ्यात तल्लख आणि सगळ्यात भांडखोर मुलगी. लग्न होऊन लंडनच्या पिनर या उपनगरात स्थायिक झाली आणि आता लंडनबाहेरच्या स्लाऊ गावात आफ्रिकेतून आलेल्या लोकांसाठी श्वासाचे वर्ग घेते. टीबीच्या गोळ्यांचा कोर्स संपतो, तपासणीत जंतू सापडत नाहीत, डॉक्टर हात मिळवून म्हणतात की बरे झालात. पण जखम झालेलं फुप्फुस पहिल्यासारखं फुगत नाही. जिना चढताना माणूस अर्ध्यात बसतो, बोलता बोलता वाक्य तुटतं. त्या तुटलेल्या वाक्यांवर प्राजक्ता काम करते. फोनवर म्हणाली, "मॅडम, तुम्ही या. तुम्हाला दाखवायचंय की तुमचं शिकवलेलं इथे चालतंय. आणि एक केस आहे, तिथे ते अजिबात चालत नाहीये."

पिनर

पिनरमध्ये सगळी कुंपणं न्हाव्याकडून आल्यासारखी भादरलेली. रस्त्यावर माणूस दिसला तर तो कुत्र्याला फिरवत असतो, किंवा कुत्रा त्याला. पहिल्या सकाळी मी केळ्याचं साल चुकीच्या रंगाच्या डब्यात टाकलं आणि प्राजक्ताच्या नवऱ्यानं, अतिशय अदबीनं, ते पुन्हा उचलून बरोबर डब्यात टाकलं. त्यानंतर मी साल हातात धरून घरभर फिरायची, पण डब्याला हात लावायची नाही.

घरात बैठकीत एक पांढरी बुद्धमूर्ती, तिच्यापुढे ताजी ट्यूलिपची फुलं, आणि खाली सोफ्यावर तन्वीचं दप्तर, जाकीट, बूट, सगळा संसार. तन्वी ही प्राजक्ताची मुलगी, इथेच जन्मलेली. तिचं मराठी ऐकायला मला फार आवडायचं. "आजी, तुझी चहा थंड झाला. मायक्रोवेव्हमध्ये टाकू?" मी तिचं मराठी एकदाही सुधारलं नाही. जी मुलगी चहा गरम करून देते तिचं व्याकरण काढायचं नसतं.

माझी बॅग मात्र वादग्रस्त ठरली. प्राजक्ताच्या पेशंटांना रिकाम्या हातानं कसं भेटायचं म्हणून मी मिरजेहून उत्तम प्रतीचा ऊद आणि धूप आणला होता. प्राजक्तानं पाकीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, हे काय आणलंत? मी तीन महिने सगळ्यांच्या मागे लागलेय, प्लीज घरात धूर करू नका म्हणून. सोमाली घरांत रोज संध्याकाळी ऊद जाळतात. मोठ्या मुश्किलीने बंद केलाय. आणि तुम्ही चेस्ट फिजिओ असून…"

"आता काय करायचं?"

"काही नाही, गाडीच्या डिकीत ठेवू. कुणाला सांगू नका."

हजारो बॅगा तपासणाऱ्या विमानतळावर ते पाकीट कुणाच्या नजरेला आलं नाही, आणि विद्यार्थिनीनं ते दोन मिनिटांत जप्त केलं. 

स्लाऊ

स्लाऊ म्हणजे गोदामं, कारखाने, मोठमोठे ट्रक, आणि मध्येच पंजाबी मिठाईचं दुकान. त्या दुकानाशेजारच्या समाजमंदिरात प्राजक्ताचा वर्ग भरतो. मला वाटलं होतं, इंग्लंड आहे, चकचकीत सायकली आणि यंत्रं असतील. तिथे होत्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्यानं भरलेल्या बाटल्या आणि एक लाकडी पायरी. ही पद्धत प्राजक्तानं युगांडातल्या एका मैत्रिणीकडून उचललेली. जे घरी आहे त्यावरच शिकवायचं, म्हणजे माणूस घरी जाऊनही करतो. मलाही हायसं वाटलं, कारण मिरजेला मी दवाखान्याचा जिना आणि तांदळाची पुरचुंडी यांवरच नोकरी काढली होती.

वर्गात झिम्बाब्वेचे मोयो म्हणून एक गृहस्थ होते, निवृत्त बसचालक. खुर्चीतून उठायचं आणि बसायचं हा व्यायाम करताना मला म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर मला बसायचा पगार मिळाला. आता उठायला शिकवतायत, आणि तेही फुकट." हसता हसता त्यांना खोकला आला. तो आल्यावर घाबरायचं नाही, ओठ चंबू करून सावकाश फुंकर सोडायची, हे त्यांनी न सांगता केलं. प्राजक्तानं माझ्याकडे पाहिलं. मुलगा पास झाल्यावर आई जशी शेजारणीकडे बघते, तसं.

आणि मग सहराबाई आल्या. मूळच्या सोमालियाच्या, सत्तरीच्या पुढच्या, उंच, डोक्यावर जांभळा रुमाल. चालताना दर पाच-सहा पावलांनी थांबायच्या, पण अशा थांबायच्या की वाटावं भिंतीवरची चित्रं पाहतायत. बरोबर त्यांची मुलगी फावझिया. ती विमानतळावर नोकरी करते, चांगलं इंग्रजी बोलते आणि आईचं बोलणं मला समजावून सांगायची. सहराबाई माझ्यापाशी आल्या, हात हातात घेतला, आणि एकदम थांबून हवेत वास घेतला. मी त्या पाकिटाला फक्त हात लावून आले होते.

"ऊद," त्या म्हणाल्या. "कुठे आहे?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. मी गाडीकडे बोट केलं. वर्ग संपेपर्यंत पाकीट त्यांच्या पर्समध्ये होतं.

"सहरा, नो बर्निंग," प्राजक्ता म्हणाली.

"जाळणार कोण? मी कपड्यांत ठेवणार," सहराबाई म्हणाल्या, आणि चित्रं पाहत पाहत खुर्चीपर्यंत गेल्या.

न चालणारी केस ती हीच. व्यायाम त्या नेमानं करायच्या, पण प्राजक्ताला हवी होती पायऱ्या चढण्यातली सुधारणा आणि सहराबाईंना हवं होतं काही वेगळंच. ते त्यांनी प्राजक्ताला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. कदाचित ऊदामुळे.

सहराबाईंचं स्वयंपाकघर

प्राजक्ता आणि मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. ताटात आली आंबोळी. मी आंबोळीच म्हणणार, त्यांच्यात तिला काहीही नाव असो. जाळीदार, किंचित आंबट, मऊसूत, फक्त ती तव्यावर मधून बाहेर गोल गोल फिरवत टाकतात. मग मटण घातलेला मसालेभात आणि त्यावर अख्खं सोललेलं केळं. भाताच्या घासाबरोबर केळ्याचा तुकडा. मी जरा बिचकले. मग आठवलं, आपण शिकरण-पोळी खातोच की. दुसऱ्यांदा मी केळं मागून घेतलं. चहात वेलची, दालचिनी आणि मनसोक्त साखर. पिनरमधल्या चहानंतर मला माहेरी आल्यासारखं झालं.

चहा घेताना सहराबाईंनी खूण केली आणि फावझियानं मला सगळं सांगितलं. तिच्या मुलीचं, हिबोचं, लग्न दोन दिवसांवर होतं. लग्नानंतर सातव्या दिवशी त्यांच्या बायका जमतात आणि नवरीच्या डोक्यावर रेशमी रुमाल बांधून तिला बायकांच्या पंगतीत घेतात. त्या दिवशी घरातली जाणती बाई बुरांबूर म्हणते. बुरांबूर म्हणजे बायकांनी बायकांसाठी रचलेलं काव्य. ढोल वाजतो, बाया नाचतात, आणि म्हणणारी एकाच अक्षराची साखळी धरून, म्हणजे ओळीओळीत त्याच अक्षरानं सुरू होणारा शब्द आणत, ओळींमागून ओळी म्हणत जाते. सहराबाई त्यातल्या नामवंत. पार लेस्टर शहरापर्यंत लोक त्यांना बोलावून न्यायचे.

"मग प्रश्न काय आहे?" मी विचारलं.

"दोन वर्षं आईनं म्हटलेलं नाही. लोकांना आम्ही घशाचं दुखणं सांगितलंय." फावझिया दाराकडे बघून हळू बोलायला लागली. "टीबी झाला होता हे फक्त घरात माहीत आहे. आमच्यात ते नाव निघालं की सोयरिकी मोडतात. हिबोच्या सासरी कळलं तर? आईनं म्हटलं नाही, तर नातीच्या लग्नात आजी का गप्प, म्हणून विचारतील. म्हटलं आणि मध्येच दम लागला, तर दिसेलच."

मला हे नवीन नव्हतं. मिरजेला मी अशा कित्येक मुली पाहिल्या, ज्या टीबीच्या गोळ्या मसाल्याच्या डब्यात लपवून सासरी नेतात. नऊ-दहा तासांच्या विमानप्रवासानंतर तीच भीती, तशाच दबक्या आवाजात, माझ्यापुढे चहाबरोबर आली होती. मला त्या बाईचा फार कळवळा आला.

आणि कळवळ्याच्या भरात मी चूक केली. म्हटलं, "ओळी लहान करा. अर्ध्या ओळीवर श्वास पुरेल."

फावझियानं भाषांतर केलं. सहराबाईंनी कप खाली ठेवला. मग त्या जे बोलल्या ते फावझिया मला सांगायला धजेना. शेवटी म्हणाली, "आई विचारतेय, तुमच्याकडे झगा आखूड झाला की माणसाचे पाय कापतात का?"

प्राजक्ता तोंडावर हात धरून हसली. ही माझ्यासाठी शिक्षाच होती. मी विचार केला, आपल्या बायका काय करतात? आणि मला फुगडी आठवली. फुगडीत गाणं म्हणणारी दमते, तेव्हा पकवा सुरू होतो. गाणं थांबतं, तोंडानं नुसती फुंकरीची लय चालते, सगळ्या जणी ती धरतात, आणि खेळ कुणालाही थांबलेला वाटत नाही.

"प्राजक्ता, ऊठ. फुगडी."

"मॅडम, तुमचे गुडघे!"

"माझे गुडघे मी बघते."

स्लाऊमधल्या त्या स्वयंपाकघरात आम्ही हातांची कैची घातली, पाय जुळवले आणि फिरलो. पकवा असा जोरात धरला की खिडकीवरच्या कुंडीतलं कोथिंबिरीचं रोप हललं असावं. लाकडासारख्या गुळगुळीत फरशीवर प्राजक्ताचे मोजे घसरले आणि आम्ही दोघी एकमेकींसकट कोपऱ्यातल्या सोफ्यावर जाऊन पडलो. सहराबाई इतक्या हसल्या की त्यांना दम लागला. त्यांनी टेबल धरलं, ओठ चंबू केले आणि सावकाश फुंकर सोडली, एकदा, पुन्हा एकदा, आणि श्वास परत मिळवला. मग स्वतःच म्हणाल्या, "बाया फुंकतात, तेवढ्यात गाणारी श्वास घेते. कळलं."

कडव्याच्या शेवटी त्यांच्यात टाळ्या आणि लुलुलु असा आनंदाचा ललकारा असतोच. सहराबाईंनी ठरवलं की आता कडव्याच्या पोटातही, दर दोन ओळींनंतर तो घ्यायचा. पुढचे दिवस आम्ही त्याचाच सराव केला. प्राजक्ता पाठीवर हात ठेवून श्वास कुठपर्यंत खाली जातोय ते बघायची, फावझिया टेबल बडवायची, आणि ललकारा माझ्याकडे. तो मला काही केल्या जमला नाही. मोयोंना एकदा फोनवर ऐकवला, तर त्यांनी विचारलं, कोंबडी पाळली का.

"एक अट," सहराबाई म्हणाल्या. "का थांबते ते कुणाला कळता कामा नये."

रुमालाचा दिवस

सभागृहात एकही पुरुष नव्हता. झिरझिरीत, रंगीबेरंगी, पायघोळ झगे, खाली सॅटिनचे परकर, आणि सगळ्यांच्या अंगावर इतकं सोनं की आपल्याकडची लग्नं मला साधी वाटायला लागली. मी नऊवारी नेसले होते. प्रत्येक बाईनं काष्ट्याला हात लावून पाहिला आणि तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते विचारलं. इतकं कौतुक त्या नऊवारीचं माझ्या स्वतःच्या घरात कधी झालं नाही.

हिबोनं ऊद आत आणू दिला नव्हता. फायर अलार्म वाजेल, हॉलवाले ओरडतील, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. इंग्लंडमध्ये फायर अलार्मचं कारण सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही. धूर बाहेर पोर्चमध्येच राहिला, आणि सहराबाईंचा लाडका वास त्यांच्या कपड्यांतून येत होता.

हिबोला मध्ये बसवलं. चार बायकांनी एक मोठी ओढणी तिच्या डोक्यावर छतासारखी ताणून धरली. आपल्याकडे अंतरपाट दोघांच्या मध्ये धरतात. यांच्यात कापड वर धरतात आणि खाली फक्त नवरी आणि बायका. मला हे आवडलं. मग ढोल सुरू झाला आणि सहराबाई उभ्या राहिल्या.

पहिलं कडवं त्यांनी जणू वीस वर्षांच्या मुलीच्या छातीनं म्हटलं. दुसऱ्यात दोन ओळींनंतर थांबल्या. आमच्या बाजूनं टाळ्या, ललकारा, आणि त्या पुन्हा सुरू झाल्या. प्राजक्तानं माझा हात दाबला. तिसऱ्या कडव्यात त्या थांबल्या आणि टाळ्या वाजत असतानाच पुढच्या रांगेतली, नवऱ्याकडची एक म्हातारी शेजारणीला काहीतरी म्हणाली. कमी ऐकू येणारी माणसं कुजबुजतात तसं, म्हणजे सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं.

"काय म्हणाल्या?" मी फावझियाला विचारलं.

फावझियाचा चेहरा उतरला. "म्हणाली, बिचारी. वय झालं. ओळी विसरली."

सहराबाईंनी ते ऐकलं होतं. त्यांनी हात वर करून ढोल थांबवला. मला वाटलं, संपलं. त्या सरळ उभ्या राहिल्या, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि नवंच कडवं सुरू केलं. फावझिया माझ्या कानाशी एकेक ओळ सांगत होती.

मी विसरलेले नाही. माझ्या आजीच्या आजीच्या ओळी मला पाठ आहेत. विसरलं असेल तर माझं फुप्फुस. टीबीनं त्याचा एक कोपरा नेला. मी गोळ्या खाल्ल्या, शेवटच्या गोळीपर्यंत खाल्ल्या, रोग गेला, कोपरा परत आला नाही. म्हणून दोन ओळींच्या मध्ये मी श्वास घेते. ज्या बाईला तो लांब वाटतो, तिनं तेवढा वेळ टाळ्या वाजवाव्यात.

नंतर फावझियानं सांगितलं की हे सगळं एकाच अक्षरावर होतं, एक ओळही न चुकता. मला तेव्हा तो हिशेब कळत नव्हता. मला एवढंच कळलं की दोन वर्षं घट्ट धरलेली गोष्ट त्या बाईनं एका शब्दासाठी सोडून दिली. टीबी झाला होता म्हटलेलं त्यांना चाललं. विसरली म्हटलेलं चाललं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओढणी धरलेल्या बायकांचे हात तसेच वर. ओढणीखाली हिबोनं मान खाली घातली होती. नवऱ्याची आई उठली. चांगली धिप्पाड बाई, गळ्यात छातीभर सोनं. ती सरळ सहराबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात काहीतरी विचारलं. फावझियानं माझी बोटं इतकी घट्ट धरली की अंगठी रुतली.

"फावझिया, काय म्हणते ती?"

फावझियानं माझी बोटं सोडली. "विचारतेय, तो श्वासाचा वर्ग कुठल्या वारी असतो."

नवऱ्याच्या आईची धाकटी जाऊ हिवाळ्यापासून खोकत होती. वजन उतरलं होतं. घरच्यांनी तिला वरच्या खोलीत ठेवलं होतं आणि लोकांना सांगितलं होतं की ती बर्मिंगहॅमला गेलीय. का, तर हिबोच्या माहेरी कळलं तर सोयरीक मोडेल म्हणून.

फावझिया रडायला लागली आणि रडता रडता हसायला. मग नवऱ्याची आईही हसली, आणि ते हसू रांगांमधून मागे मागे पसरत गेलं. जिनं कुजबुज केली होती ती म्हातारी काय झालं म्हणून विचारत राहिली. कुणीतरी तिच्या कानात ओरडून सांगितलं, तसा पहिला ललकारा तिनंच दिला. माझ्या पोराच्या लग्नातही मला एवढा आनंद झाला नव्हता, हे मी इथे लिहून ठेवते. तो हे वाचणार नाही.

सहराबाईंनी विहीणबाईंचा फोन मागून घेतला आणि बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या. प्राजक्ता आणि मी त्यांच्या मागे. त्या बराच वेळ बोलल्या. मध्ये थांबल्या, फुंकर सोडली, पुन्हा बोलल्या. पलीकडून आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग कुणीतरी खोकलं, आणि मग हळू आवाजात उत्तर आलं.

फोन ठेवल्यावर प्राजक्ता म्हणाली, "वर्ग नंतर. आधी टेस्ट. आणि घरातल्या सगळ्यांची. मी उद्या सकाळी जाते, त्यांना क्लिनिकला घेऊन येते."

"तू नको," सहराबाई त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "तू दार वाजवशील, ती उघडणार नाही. तू डॉक्टर. मी जाते. मी दाराबाहेरून सांगेन मला काय झालं होतं, ती उघडेल."

"तिथे जिना आहे, सहरा. वरची खोली आहे."

"चढेन. मध्ये थांबेन."

आत कुणीतरी ढोलावर थाप मारून पाहिली. सहराबाईंनी भिंतीला हात टेकून दोन श्वास घेतले, सावकाश, आम्ही शिकवले तसे. मी म्हटलं, आता जरा बसा, पुष्कळ झालं.

"अजून दोन कडवी राहिलीत," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.